ना बदाम, ना टोफू : चिनी ‘बदाम जेली’ घरी करताना

बदाम खाता खाता एखादा दाणा कडूजहर निघावा आणि तो तत्काळ थुंकून टाकावा लागावा, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. त्या क्षणी कडवटपणासोबत एक उग्र, गोडसर गंधही तोंडात दरवळून जातो. ‘बदाम इसेन्स’ची बाटली उघडताच नाकाला जाणवतो तो हाच गंध. रोजच्या गोड बदामाला मात्र तो जवळजवळ नसतोच. चीनमधील एक थंडगार मिष्टान्न नेमके या गंधावर उभे आहे. दुधासारख्या शुभ्र, मऊ जेलीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे साखरेच्या गार पाकात तरंगत असतात आणि सोबत फळांच्या फोडी असतात. इंग्रजी नावाच्या प्रभावाने त्याला सर्वत्र ‘बदाम जेली’ म्हटले जाते. चिनी भाषेत ते ‘शिंगरन दोउफू’ आहे.

उन्हाळ्यात घरी करावे असे हे मिष्टान्न आहे. साहित्य मोजके, कृती सोपी, आणि हवे तर पूर्णतः शाकाहारी. तथापि त्याच्या मूळ कृतीत एक घटक असा आहे की जो विचार न करता स्वयंपाकघरात आणणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून भांडे चुलीवर चढवण्याआधी या पदार्थाचे नाव नीट उलगडून पाहणे इष्ट आहे.

नावातील दोन चकवे

‘दोउफू’ म्हणजे टोफू. परंतु या पदार्थात सोयाबीनचा अंशही नसतो. पांढरा रंग, मऊ पोत आणि तुकडे कापण्याची पद्धत यांवरून ते नाव पडले.

दुसरा चकवा अधिक महत्त्वाचा आहे. ‘शिंग’ म्हणजे जर्दाळू आणि ‘रन’ म्हणजे बीमधील दाणा. जर्दाळूची टणक बी फोडली की आत बदामासारखाच, पण लहान आणि किंचित हृदयाकृती दाणा निघतो. शिंगरन तो हाच. बदाम आणि जर्दाळू एकाच कुळातील, एकाच प्रजातीतील जवळचे नातलग असल्याने दाणे दिसायला सारखे असतात आणि त्यामुळे भाषांतरात गफलत होते. ही गफलत चीनमध्येही झाली. अमेरिकेतून आलेले बदाम तेथील बाजारात दीर्घकाळ ‘अमेरिकी मोठे शिंगरन’ या नावाने विकले जात. खऱ्या बदामासाठी चिनी भाषेत ‘बादानमू’ हा शब्द आहे. तो फारसी ‘बादाम’वरून आला आणि मराठीतील ‘बदाम’ही त्याच फारसी शब्दाचे अपत्य आहे.

चिनी बाजारात या दाण्यांचे दोन प्रकार मिळतात. ‘दक्षिणी’ दाणा गोडसर असतो आणि तो सूप, खीर, पेये यांत वापरला जातो. ‘उत्तरी’ दाणा कडू असतो. त्याची गणना प्रामुख्याने औषधात होते. चिनी औषधकोशात खोकल्यावरील औषध म्हणून त्याची नोंद आहे आणि तेथेच ‘किंचित विषारी’ असा स्पष्ट शेराही आहे. पारंपरिक कृतीत पोत आणि स्निग्धता यांसाठी बहुतांश गोड दाणे घेतात, आणि गंधासाठी थोडे कडू दाणे मिसळतात.

जर्दाळू आणि औषध यांचा संबंध चिनी मनात फार जुना आहे. चौथ्या शतकातील लेखक ग हूंग यांच्या नावे असलेल्या सिद्धपुरुषांच्या चरित्रसंग्रहात दोंग फंग नावाच्या वैद्याची कथा येते. ते रुग्णांकडून पैसा घेत नसत. गंभीर आजारातून बरा झालेल्याने जर्दाळूची पाच झाडे लावावीत आणि किरकोळ आजाराच्या रुग्णाने एक, एवढीच त्यांची अट होती. पुढे तेथे मोठे वन उभे राहिले. फळांच्या मोबदल्यात ते धान्य घेत आणि ते गरिबांना वाटत. ‘जर्दाळूचे वन’ हा शब्दप्रयोग चिनी भाषेत आजही वैद्यकीय व्यवसायासाठी रूढ आहे.

दाणे वाटून त्यांचे दूध काढण्याची रीतही जुनीच. कवी युआन मेई यांचा पाककलेवरील प्रसिद्ध ग्रंथ १७९२ मध्ये प्रकाशित झाला. त्यात हे दाणे कुटून, चोथा गाळून, तांदळाचे पीठ व साखर घालून शिजवण्याची कृती आढळते. तेच दूध खळीऐवजी जेलीच्या रूपात गोठवले की शिंगरन दोउफू तयार होते. आज हाँगकाँग, तैवान, जपान अशा अनेक ठिकाणी त्याची निरनिराळी रूपे खाल्ली जातात. जपानमध्ये ते ‘अन्निन दोफू’ म्हणून ओळखले जाते.

गंध आणि विष यांचा एकच उगम

कडू दाण्याला हा गंध येतो कोठून? त्यात ‘अमिग्डालिन’ नावाचे संयुग असते. त्याच दाण्याच्या पेशींत, परंतु वेगळ्या कप्प्यात, त्याचे विघटन करणारे विकर असते. दाणा अखंड असेपर्यंत या दोहोंची गाठ पडत नाही. दाणा चावला, कुटला किंवा पाण्यात वाटला की कप्पे फुटतात आणि विकर आपले काम सुरू करते. अमिग्डालिनच्या एका रेणूपासून ग्लुकोजचे दोन रेणू, बेंझाल्डिहाइडचा एक आणि हायड्रोजन सायनाइडचा एक रेणू निर्माण होतो. फ्रीडरिश व्होलर आणि युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३७ मध्ये ही प्रक्रिया उलगडली.

बेंझाल्डिहाइड म्हणजेच आपण ‘बदामाचा वास’ म्हणतो तो गंध. हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष. जितका गंध, तितकेच विष. दोन्ही एकाच क्षणी जन्मतात. बीला कुरतडणाऱ्या प्राण्याला परतवण्यासाठी वनस्पतीने योजलेले हे संरक्षण आहे. नेहमीच्या गोड बदामात अमिग्डालिन अत्यल्प असते. म्हणून तो निर्धोक असतो आणि म्हणूनच त्याला तो गंधही नसतो. निव्वळ बदाम वाटून केलेली जेली चवीला उत्तम लागते, परंतु ‘चिनी’ लागत नाही, याचे कारण हेच.

मग चिनी स्वयंपाकी हे दाणे कसे वापरत आले? त्यामागे एक सूक्ष्म युक्ती आहे. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते, तर बेंझाल्डिहाइडचा उत्कलनबिंदू सुमारे १७८ अंश आहे. दाणे पाण्यात बारीक वाटून काही काळ ठेवले आणि नंतर उघड्या भांड्यात उकळले, तर विषाचा मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो आणि गंध बराचसा मागे राहतो. मात्र क्रम बदलला की गणित बिघडते. दाणे आधी अख्खेच उकळले, तर उष्णतेने विकर निकामी होते आणि न फुटलेले अमिग्डालिन दाण्यात काही प्रमाणात तसेच राहते. पुढे आतड्यांतील जिवाणू त्याचे विघटन करू शकतात.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावातून हे प्रमाण साधणाऱ्या हातांची गोष्ट वेगळी. घरच्या ओट्यावर मात्र दाणा किती कडू होता आणि उकळल्यावर किती विष उरले, हे मोजण्याचे कोणतेही साधन नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, जर्दाळूचे तीनपेक्षा अधिक लहान कच्चे दाणे, किंवा मोठ्या दाण्याचा अर्ध्याहून कमी भागही, एका वेळी खाल्ल्यास प्रौढ व्यक्ती सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. लहानग्यांच्या बाबतीत एक छोटा दाणाही ती मर्यादा ओलांडण्यास पुरेसा ठरू शकतो.

हे सांगणे आवश्यक आहे, कारण असे दाणे आता ऑनलाइन सहज मागवता येतात. त्यांच्या विक्रीत अनेकदा ‘व्हिटॅमिन बी-१७’ असे नाव पुढे करून कर्करोग बरा होण्याचा दावाही केला जातो. अमिग्डालिन हे जीवनसत्त्व नाही. अमेरिकेत १७८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत या उपचाराचा कोणताही ठोस लाभ दिसला नाही. उलट काही रुग्णांत सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे आढळली. कडू दाणे खाण्यात आल्यावर डोकेदुखी, चक्कर, उलट्या किंवा धाप अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

जर्दाळूचा प्रत्येक दाणा कडूच असतो असे मात्र नाही. हैदराबादच्या ‘खुबानी का मीठा’ या प्रसिद्ध पक्वान्नावर बी फोडून काढलेले दाणे सजावटीसाठी पेरतात. ते गोड जातीचे असतात. लडाखमध्येही गोड दाण्यांच्या जर्दाळूची लागवड होते. परंतु बाहेरून पाहून गोड-कडू ओळखता येत नाही. जिभेला कडू लागलेला दाणा थुंकून टाकावा, हा जुना घरगुती नियमच येथे खरा.

घरासाठी सुरक्षित वाट

गंध आणि विष एकत्र जन्मत असले, तरी त्यांना वेगळे करून मिळवणे शक्य आहे. बाजारातील बदाम इसेन्समध्ये गंध असतो तो बेंझाल्डिहाइडचाच. ते एकतर कृत्रिमरीत्या तयार केलेले असते किंवा जर्दाळू, पीच यांच्या दाण्यांपासून काढून, सायनाइड वेगळे करून शुद्ध केलेले असते. म्हणून घरी करताना जेलीचे अंग गोड बदामाच्या दुधाचे असावे आणि गंध इसेन्सच्या काही थेंबांचा. चवीत मूळ पदार्थाच्या जवळ जाणारी आणि निर्धास्तपणे मुलांपुढे ठेवता येईल अशी वाट हीच. ज्यांना सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र हा पदार्थ टाळावा.

‘चायना ग्रास’चे रहस्य

जेली गोठवण्यासाठी जिलेटिन किंवा अगर वापरतात. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून बनते. अगर हे तांबड्या समुद्रशेवाळांपासून काढतात. आपल्याकडे किराणा दुकानात ते ‘चायना ग्रास’ या नावाने मिळते. ते गवत नव्हे, आणि चीनमध्ये तर त्याचे एक नाव ‘यांगत्साय’ म्हणजे ‘परदेशी भाजी’ असे आहे. भारतातही तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, रामनाथपुरमच्या परिसरात, स्त्रिया समुद्रात उतरून हे शेवाळ गोळा करतात.

अगरचा एक गुण उन्हाळ्यात विशेष उपयोगी पडतो. ते सुमारे ३५ ते ४० अंशांना गोठते. पण एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जिलेटिनची जेली मात्र मे महिन्याच्या दुपारी वाटीतच पाणी होऊ लागते. १८८१ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील वाल्टर हेसे यांना हीच अडचण आली. जिवाणू वाढवण्यासाठी वापरलेले जिलेटिन उबेने वितळत असे. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी फळांच्या जेलीसाठी अगर वापरत. त्यांनी ते सुचवले आणि आज जगभरातील प्रयोगशाळांत जिवाणू अगरवरच वाढवले जातात.

साहित्य (पाच-सहा जणांसाठी)

जेलीसाठी : गोड बदाम १०० ग्रॅम, बदाम वाटण्यासाठी पाणी ४०० मिलिलिटर, दूध २०० मिलिलिटर, साखर ६० ग्रॅम, अगरची पूड ५ ग्रॅम (सुमारे दोन सपाट छोटे चमचे) किंवा चायना ग्रासच्या पट्ट्या सुमारे ८ ग्रॅम, अगर विरघळवण्यासाठी पाणी १५० मिलिलिटर, बदाम इसेन्स तीन-चार थेंब.

पाकासाठी : पाणी ३०० मिलिलिटर, साखर १०० ग्रॅम, आल्याची एक चकती.

सोबत : लिची, संत्रे, आंबा, अननस अशा हंगामी फळांच्या फोडी.

कृती

बदाम रात्रभर भिजत घालावेत. सकाळी मिनिटभर गरम पाण्यात ठेवून साले काढावीत. सोललेले बदाम निम्म्या पाण्यासह अगदी बारीक वाटावेत, उरलेले पाणी घालून पुन्हा एकदा फिरवावेत. स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळून चोथा घट्ट पिळून घ्यावा. चोथा टाकून देऊ नये. तो शिऱ्यात किंवा खिरीत छान मिसळतो.

अगरची पूड १५० मिलिलिटर गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवावी. पट्ट्या असल्यास त्या कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवाव्यात. नंतर मंद आचेवर ढवळत उकळी आणावी आणि उकळी आल्यावर तीन ते पाच मिनिटे शिजू द्यावे. चमच्यावर एकही कण दिसता कामा नये. या पायरीवरील घाई हेच जेली खरखरीत होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

दुसऱ्या भांड्यात बदामाचे दूध, गायीचे किंवा म्हशीचे दूध आणि साखर एकत्र करून उकळी फुटण्याच्या बेतापर्यंत तापवावे. सतत ढवळावे, कारण बदामाचे दूध तळाला चटकन लागते. गार दूध गरम अगरमध्ये ओतले तर अगर जागीच गोठून गुठळ्या होतात, म्हणून दोन्ही मिश्रणे गरम असतानाच एकजीव करावीत. ज्यांना दूध वर्ज्य आहे त्यांनी त्याऐवजी बदामाचेच दूध वाढवावे.

या टप्प्यावर एक छोटी परीक्षा घ्यावी. गार केलेल्या ताटलीवर मिश्रणाचा चमचाभर थर टाकून दोन मिनिटे थांबावे. बोटाने दाबल्यावर तो मऊ पण अखंड राहिला तर प्रमाण बरोबर. रबरासारखा वाटला तर थोडे गरम दूध घालावे, पसरलाच तर आणखी थोडे अगर वेगळ्या पाण्यात उकळून मिसळावे. अगरची ताकद उत्पादकागणिक बदलते, त्यामुळे ही परीक्षा वगळू नये.

भांडे आचेवरून उतरवून, वाफ ओसरल्यावर इसेन्स घालावा. उकळत्या मिश्रणात तो घातल्यास गंध उडून जातो, आणि थेंब वाढले तर चव कडवट होते. मिश्रण गाळून पसरट भांड्यात सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा थर होईल असे ओतावे. वरचा फेस चमच्याने काढून टाकावा. भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले की तासाभराच्या आत जेली धरते. त्यानंतर ती झाकून दोन ते तीन तास फ्रीजमध्ये ठेवावी.

तोवर पाकाचे पाणी, साखर आणि आल्याची चकती एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच उकळावे. तार येऊ देऊ नये. पाक गाळून पूर्ण गार करावा.

वाढताना जेलीवर सुरीने वडीप्रमाणे तिरप्या रेषा मारून शंकरपाळ्याचा आकार द्यावा आणि भांड्याच्या कडेने गार पाक हळूहळू सोडावा. पाकात साखरेचे प्रमाण जेलीपेक्षा जास्त असल्याने तो जड असतो. तो तुकड्यांच्या फटींतून खाली उतरतो आणि तुकडे अलगद सुटून वर तरंगू लागतात. फळांच्या फोडी घालून लगेच द्यावे. ताज्या अननसातील विकर जिलेटिनची जेली धरू देत नाही; अगरवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे अननसही निःशंकपणे घालता येतो. आंबट फळांचा रस जेलीच्या मिश्रणात उकळू मात्र नये, कारण आंबटपणात उकळल्याने अगरची धरण्याची शक्ती घटते.

बिघडली तर

अगरची जेली बिघडली तरी वाया जात नाही. फार घट्ट किंवा फार सैल झाल्यास तुकडे करून थोड्या दुधासह पुन्हा उकळी येईपर्यंत तापवावे, प्रमाण सुधारावे आणि पुन्हा गोठवावे. फक्त इसेन्सचे एक-दोन थेंब नव्याने घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी जेलीभोवती थोडे पाणी सुटलेले दिसते. तो अगरचा स्वभाव आहे, पदार्थ नासल्याचे ते लक्षण नव्हे. तरीही त्यात दूध असल्याने झाकून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

शेवटची काळजी सुरुवातीलाच घ्यायची आहे. बदाम वाटण्यापूर्वी दोन-चार दाणे चाखून पाहावेत. शंभर ग्रॅममधील एखादा कडू बदाम घातक ठरत नसला तरी त्याचा कडवटपणा साऱ्या दुधात उतरतो. कडू दाणे अधिक आढळले, तर ती पिशवी बाजूला ठेवून दुसरे बदाम घ्यावेत. या पदार्थातील सुगंध बाटलीतल्या थेंबांतून येणार आहे. त्यासाठी कडू दाण्याची गरज नाही.